९१ मूळ की संयुक्त? विभाजक जोडीने शोधले की प्रश्नच उरत नाही

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका आईने विचारलं आहे. मुलगी पाचवीत, शिष्यवृत्तीचा अभ्यास जोरात चालू आहे, तीसपर्यंतचे पाढे तोंडपाठ. तरी ७२ चे विभाजक लिहायला सांगितले की एखाद-दुसरा हमखास सुटतो. ५१, ५७, ९१ यांना ती बिनधास्त मूळ संख्या म्हणते. शिकवणीत १ ते १०० मधल्या २५ मूळ संख्या पाठ करून घेतल्या, त्या पाठ झाल्याही, पण सराव प्रश्नपत्रिकेत १४३ आली आणि पोरगी अडकली. वर तिचाच एक प्रश्न आहे, ‘१ ला दुसऱ्या कशानेच भाग जात नाही, मग १ मूळ का नाही?’ घरात कुणाला त्याचं उत्तर देता आलं नाही.

ताई, मुलीचा अभ्यास कमी पडत नाहीये. पाढे पाठ असणं ही मोठी जमेची बाजू आहे. विभाजक नेहमी जोडीने येतात, ही एक गोष्ट तेवढी तिच्या हाताखालून गेलेली नाही. तुम्ही विचारलेल्या बहुतेक अडचणी तिथेच सुटतात, म्हणून आधी त्या गोष्टीवरच नीट वेळ घालवू.

वही-पेन बाजूला ठेवा. मूठभर चिंचोके घ्या आणि जमिनीवर बसा. तिला १२ चिंचोके मोजून द्या आणि सांगा, यांच्या ओळी लाव, प्रत्येक ओळीत सारखे आले पाहिजेत आणि एकही उरायचा नाही. ती एक लांब ओळ लावेल, मग ६-६ च्या दोन ओळी, मग ४-४ च्या तीन. ५ च्या ओळी करून बघेल, दोन चिंचोके हातात राहतील. प्रत्येक मांडणीत तिला दोन आकडे एकदम मिळतात, ओळी किती आणि एका ओळीत किती. १ आणि १२, २ आणि ६, ३ आणि ४. तुम्ही काही न सांगता १२ चे सहा विभाजक समोर आले.

आता १३ द्या आणि गप्प बसा. दोनच्या ओळी, तीनच्या, चारच्या, सगळं करून होईल आणि शेवटी एकच लांब ओळ उरेल. १७ ला तेच, १९ ला तेच. १५ ला मात्र ३ ओळी ५ च्या होतात. ज्या संख्येची एका ओळीपलीकडे मांडणीच होत नाही ती मूळ, जिची होते ती संयुक्त. ही व्याख्या पुस्तकात आहेच, पण ज्या मुलीने १३ चिंचोके स्वतः हलवून पाहिलेत तिला ती पाठ करावी लागत नाही. पाचवीच्या वर्गातसुद्धा मी हे करून घेतल्याशिवाय खडू उचलत नाही. ‘पाचवीतल्या मुलांना आता चिंचोके कशाला?’ असं काही पालक म्हणतात. माझ्या मते याच वयात ते सर्वांत जास्त उपयोगी पडतात.

मग ७२ घ्या, आता वहीत. विभाजक सुटतात ते कुठे, हे तिच्या जुन्या वह्यांत बघा. बहुतेक मुलं १, २, ३, ४, ६, ८, ९ असं बरोबर लिहीत जातात आणि मग थेट १२, ३६, ७२ वर उडी मारतात. मधले १८ आणि २४ राहतात. एका टोकाकडून चढत गेलं की असंच होतं, कारण पुढे पुढे आकड्यांमधलं अंतर वाढतं आणि मनात ते सलग येत नाहीत.

त्याऐवजी एक पूर्ण ओळ मोकळी सोडायला सांगा. डाव्या टोकाला १, लगेच उजव्या टोकाला ७२. मग डावीकडे २, त्याचा जोडीदार ३६ उजवीकडे. ३ आणि २४. ४ आणि १८. ५ जात नाही, एककस्थानी ० किंवा ५ नाही. ६ आणि १२. ७ जात नाही, सात दाहे सत्तर, दोन उरले. ८ आणि ९. आता ८ च्या पुढचा आकडा ९, आणि तो तर उजवीकडून आधीच आलेला आहे. दोन्ही बाजू एकमेकींना भिडल्या, काम संपलं. बारा विभाजक, एकही सुटला नाही. आपल्याकडे मैदानात कुस्तीची जोड लावतात, एका मल्लाचं नाव पुकारलं की समोरचा कोण ते लगेच सांगावं लागतं. डावीकडे आकडा लिहिला की उजवीकडचा त्याच क्षणी लिहायचा, ‘मागाहून लिहिते’ हे चालवून घेऊ नका.

इथे तिला एक प्रश्न विचाराच. ‘९ च्या पुढे शोधायची गरज का नाही?’ तिला उत्तर सापडू द्या, घाई करू नका. ९ × ९ म्हणजे ८१, ते ७२ च्या पुढे गेलं. जोडीतले दोन्ही आकडे ९ किंवा त्याहून मोठे असतील तर गुणाकार ८१ च्या खाली येऊच शकत नाही. म्हणजे प्रत्येक जोडीत एक तरी आकडा ८ किंवा त्याहून लहान असलाच पाहिजे. ते लहान आकडे सगळे तपासून झाले, की मोठे आपोआप मिळालेले असतात. वर्गमूळ हा शब्द तिला अजून ठाऊक नसला तरी चालेल. ‘स्वतःशी गुणल्यावर कोणता आकडा संख्येच्या पुढे जातो? त्याच्या आत थांब,’ एवढं पुरतं.

३६ ला एक गंमत होते. १-३६, २-१८, ३-१२, ४-९ आणि मग ६ ची जोडी ६ शीच. तो एकदाच लिहायचा, म्हणून विभाजक नऊ, विषम. पूर्ण वर्ग संख्येलाच हे होतं, बाकी कुठल्याही संख्येचे विभाजक सम संख्येत येतात. ‘२४, ३६, ४८, ६० यांपैकी कोणत्या संख्येच्या विभाजकांची संख्या विषम आहे?’ असा प्रश्न आला तर जोड्या समजलेली मुलगी एकही विभाजक न लिहिता ३६ वर खूण करते.

आता ९१. वर्गात हा आकडा फळ्यावर लिहिला की हमखास आवाज येतो, ‘बाई, ह्यो कशातच जात न्हाई ओ!’ आणि मुलांच्या बाजूने पाहिलं तर ते खरं वाटण्यासारखंच आहे. सातचा पाढा ‘सात दाहे सत्तर’ ला संपतो, ९१ त्यात ऐकूच येत नाही. तो आहे तेराच्या पाढ्यात, तेरा साती एक्क्याण्णव. तुमच्या मुलीला तेराचा पाढा येतो, पण तो तिने फक्त वरून खाली म्हटलेला आहे. उलट्या बाजूने कधी विचारलेला नाही. रोज जेवताना पाच-सहा आकडे विचारा. एक्कावन्न कुठे येतं? सतरा त्रिक एक्कावन्न. सत्तावन्न? एकोणीस त्रिक सत्तावन्न. सत्त्याऐंशी? एकोणतीस त्रिक. पाठ असलेल्या पाढ्यांचा हा उपयोग करून घेतला नाही तर एवढी मेहनत फुकट जाते.

पण पाढा आठवला नाही तरी रीत हाताशी हवी. ९ × ९ = ८१, १० × १० = १००. म्हणजे ९१ साठी ९ पर्यंतच तपासायचं. त्यातही २ ने भाग गेला नाही तर ४, ६, ८ ने जाण्याचा प्रश्नच येत नाही, ३ ने गेला नाही तर ९ ने नाही. उरले २, ३, ५ आणि ७. फक्त मूळ संख्यांनी तपासायचं, चार तपासण्या. विषम आहे, २ बाद. ९ + १ = १०, ३ बाद. शेवटी १ आहे, ५ बाद. ७ साठी सत्तर बाजूला काढा, उरले २१, ते तीन वेळा. म्हणजे ७ × १३. संयुक्त.

अंकांची बेरीज करून ३ ची कसोटी लावायची हे मुलांना येतं, पण ती का चालते हे क्वचितच कुणी सांगतं. ५७ मध्ये पाच दशक आहेत. एका दशकातले ९ तीन-तीनच्या गटात बसतात, १ उरतो. पाच दशकांचे ५ उरले, सुटे ७ होतेच, एकूण १२. ते १२ तीनच्या गटात बसतात, म्हणून ५७ ही बसते. ५ + ७ ही बेरीज म्हणजे उरलेले चिंचोके मोजणं आहे. एकदा करून दाखवा, ५१ आणि ८७ पुन्हा कधी चुकणार नाहीत.

इथे एक निरीक्षण सांगते, ते मला फार मोलाचं वाटतं. १०० पर्यंतच्या संख्यांतून २, ३ आणि ५ ने भाग जाणाऱ्या संयुक्त संख्या काढून टाकल्या, तर मागे लपून राहणाऱ्या संयुक्त संख्या फक्त तीन आहेत, ४९, ७७ आणि ९१. ४९ आणि ७७ सातच्या पाढ्यातल्या आणि अकराच्या पाढ्यातल्या, त्या कुणी चुकत नाही. म्हणजे शंभराच्या आत खरी फसवी संख्या ९१ एकटीच. बाकी सगळ्यांना एककाचा अंक आणि अंकांची बेरीज पुरते.

तुमच्या मुलीने पाठ केलेल्या २५ संख्या वाया गेल्या असं समजू नका. दहा-दहाच्या गटात त्या ४, ४, २, २, ३, २, २, ३, २, १ अशा येतात, यादी पूर्ण झाली का हे पडताळायला हा क्रम उपयोगी आहे. पण यादी शंभराला संपते आणि १४३ शंभराच्या पुढे आहे, म्हणून ती अडकली. तिथे तीच रीत लावा. ११ × ११ = १२१, १२ × १२ = १४४. ११ पर्यंत तपासायचं, २, ३, ५, ७, ११. पहिल्या तिघांनी जात नाही हे बघताक्षणी कळतं. सातासाठी १४० काढले, ३ उरले, नाही. अकरासाठी ११० काढले, ३३ उरले, तीन वेळा. ११ × १३.

मुलगी हुशार आहे असं तुमच्या लिहिण्यावरून दिसतं, म्हणून आणखी एक रीत देते. १४३ ही १४४ पेक्षा एकानेच कमी. १४४ म्हणजे १२ × १२, आणि १ म्हणजे १ × १. दोन वर्गांची वजाबाकी आली की उत्तर समोर असतं, १२ − १ आणि १२ + १, म्हणजे ११ आणि १३. ९१ ही तशीच, १०० − ९. १० − ३ आणि १० + ३, सात आणि तेरा. २०२१ साली मी वर्गात त्या सालाचाच आकडा दिला होता. साध्या रीतीने ४३ पर्यंत, म्हणजे चौदा मूळ संख्यांनी तपासावं लागतं. पण ४५ × ४५ = २०२५, त्यातून ४ काढले की २०२१. म्हणून ४३ × ४७. वर्गांच्या वजाबाकीतून विभाजक काढण्याची ही वाट १४ व्या शतकात नारायण पंडितांनी दाखवलेली आहे, युरोपात ती १७ व्या शतकातल्या फर्माच्या नावाने ओळखली जाते. दरवेळी ती इतकी चटकन लागू पडत नाही, तेव्हा परीक्षेत भरवसा पहिल्या रीतीवरच ठेवावा.

सालांचा विषय निघालाच आहे, तर घरी सरावाला आपल्याच शाहू महाराजांची तीन सालं द्या. १८७४ जन्माचं, १९१७ कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं ते, १९२२ निधनाचं. ही सालं मुलांना माहीत असतात, आणि गणिताच्या दृष्टीनेही ती फार छान आहेत.

१९१७ ची अंकांची बेरीज १८. तीनने भाग द्या, ६३९. पुन्हा तीनने, २१३. पुन्हा, ७१. आता ७१ चं काय? ८ × ८ = ६४, ९ × ९ = ८१, म्हणून २, ३, ५, ७ एवढंच बघायचं, एकानेही जात नाही. मूळ. १९१७ = ३ × ३ × ३ × ७१. यावरून विभाजक किती ते मोजताही येतं. विभाजक बनवताना ३ एकदाही नाही, एकदा, दोनदा किंवा तीनदा घेता येतो, चार पर्याय. ७१ घ्यायचा किंवा नाही, दोन पर्याय. चार दुणे आठ. १, ३, ९, २७ आणि त्यांना ७१ ने गुणून ७१, २१३, ६३९, १९१७. याच हिशेबाने ७२ पडताळा. २ × २ × २ × ३ × ३, दोनाचे चार पर्याय, तीनाचे तीन, बारा. मघाशी जोड्या लावून बाराच आले होते.

१८७४ आणि १९२२ यांना २ ने भाग दिला की ९३७ आणि ९६१ उरतात. दोन्ही आकडे तोंडावरून सारखेच दिसतात. ३० × ३० = ९००, ३१ × ३१ = ९६१. म्हणजे ९३७ ला २९ पर्यंत तपासायचं. २ पासून २९ पर्यंतच्या दहा मूळ संख्यांपैकी एकही तिला लागू पडत नाही, ९३७ मूळ आहे. ९६१ ला हीच दहा तपासण्या फसतात, आणि अकरावी, ३१ ची, बरोबर बसते, कारण ती ३१ × ३१ च आहे. स्वतःशी गुणून संख्येच्या पुढे जात नाही, अगदी तिच्याइतकाच येतो, तो आकडासुद्धा तपासायचा. ही चूक मोठ्या वर्गातली मुलंही करतात, दमून एक पाऊल आधी थांबतात.

संख्या ओळीने लिहून पटी खोडत जायच्या आणि मूळ संख्या तेवढ्या मागे ठेवायच्या, ही चाळणी तिने शाळेत केली असेल, १० च्या ओळीतली. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाचा ग्रंथपाल असलेल्या एराटोस्थेनिसच्या नावाची ही चाळणी घरी एकदा सहाच्या ओळीत करा. १ ते ६ पहिली ओळ, त्याखाली ७ ते १२, असं १०० पर्यंत. आता २ आणि ३ सोडून दुसरा, तिसरा, चौथा आणि सहावा स्तंभ सरळ वरपासून खालपर्यंत खोडून टाका. राहिले फक्त पहिला आणि पाचवा. पाचाच्या पटी डावीकडे तिरक्या उतरतात, त्यातल्या २५, ३५, ५५, ६५, ८५, ९५ खोडा. सातच्या पटी उजवीकडे तिरक्या उतरतात, आणि तिथे खोडायला उरतात फक्त ४९, ७७, ९१. १ वेगळा काढा. मोजा, २, ३ धरून पंचवीस. पुढचा ११, पण ११ × ११ = १२१, शंभराच्या बाहेर, म्हणून थांबायचं. १० च्या ओळीत ही सगळी शिस्त दिसत नाही, मुलं नुसती खोडत बसतात.

आता मुलीचा प्रश्न. तिला सांगा की प्रश्न अगदी रास्त आहे, १७४२ साली गोल्डबाख या गणितज्ञाने ऑयलरला लिहिलेल्या प्रसिद्ध पत्रात १ ला मूळच धरलं होतं. चिंचोक्यांकडे परत गेलं तर १३ ला दोन आकडे मिळतात, १ ओळ आणि १३ चिंचोके. एका चिंचोक्याला १ ओळ आणि १ चिंचोका, म्हणजे एकच विभाजक. मूळ संख्येला नेमके दोन वेगळे विभाजक लागतात, संयुक्तला दोनपेक्षा जास्त. १ ला एकच, म्हणून तो दोन्हीकडे नाही. पण तिने ‘मग व्याख्या तशी का केली?’ असं विचारलं तर खरं कारण सांगा. १२ चे मूळ अवयव पाडले तर २ × २ × ३ हेच येतात, कुणीही पाडले तरी, क्रम फक्त बदलेल. १ ला मूळ मानलं तर १ × २ × २ × ३ ही चालेल, १ × १ × २ × २ × ३ ही चालेल, आणि १९१७ चे विभाजक आपण मघाशी पर्याय मोजून काढले तो हिशेबच कोलमडेल. मसावि, लसावि काढतानाही तोच आधार लागतो.

सहमूळ आणि जोडमूळ यांत ती गोंधळत असेल तर एवढंच लक्षात ठेवायला सांगा. ८ आणि ९ दोन्ही संयुक्त आहेत तरी सहमूळ आहेत, कारण १ शिवाय दोघांत सामाईक विभाजक नाही. जोडमूळ मात्र दोन्ही मूळच हव्यात आणि फरक २ चा हवा, जसे ११ आणि १३, किंवा ७१ आणि ७३.

सरावासाठी ११९, १२७, १३३, १३९, १६१, १८७, १९९, २२१ या संख्या द्या, याच क्रमाने नको, उलटसुलट. यांत मूळ तीन आहेत, १२७, १३९ आणि १९९. बाकी ७ × १७, ७ × १९, ७ × २३, ११ × १७ आणि १३ × १७. मूळ संख्या मुद्दाम मिसळल्या आहेत, नाहीतर दोन-तीन गणितांनंतर मुलं ‘सगळ्याच संयुक्त’ असं धरून चालतात. उत्तरापुढे नुसतं ‘मूळ’ लिहिलेलं स्वीकारू नका. कोणत्या संख्येपर्यंत तपासलं तो आकडा लिहायला लावा, १३९ पुढे ११, १९९ पुढे १३. तो आकडा बरोबर असेल तर पुढचं उत्तर एखादे दिवशी चुकलं तरी काळजी करू नका, तो भागाकारातला दोष असतो आणि सरावाने जातो.